रत्नमालाबाई आणि जमिनीखालचा आवाज

वाशिम जिल्ह्यातल्या जऊळक्याच्या स्टेशनापासून मुरमाळी फार लांब नाही. वारा तिकडचा असला की मालगाडीची शिट्टी गावात ऐकू येते. या गावात रत्नमाला अंभोरे अंगणवाडी चालवते. चाळिशी ओलांडलेली, अंगाने काटक, बोलायला सडेतोड. पोषण आहाराच्या खोलीत साप निघाला तर काठी घेऊन तीच पुढे होणार, आणि दारू पिऊन लेकराला न्यायला आलेल्या बापाला दारातूनच माघारी पाठवणारही तीच. रत्नमालाला भीती वाटते असं कुणी म्हटलं असतं तर गाव हसलं असतं. पण एक भीती तिच्या पोटात लहानपणापासून दबा धरून बसली होती, आणि ती तिने नवऱ्यालाही कधी नीट सांगितली नव्हती.

तिचं माहेर इंझोरीकडचं. ती अकरा-बारा वर्षांची असताना किल्लारीचा भूकंप झाला. मलबा उपसायला ठिकठिकाणाहून मजूर गेले, त्यात तिचे वडीलही एका ट्रकमध्ये बसून गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातांची सालटी निघाली होती. तिथे काय पाहिलं ते त्यांनी घरात एका शब्दाने सांगितलं नाही. फक्त त्यानंतर ते छपराखाली झोपेनासे झाले. अंगणात बाज टाकायचे, पाऊस आला तर बैलांच्या मांडवात सरकायचे. बायको चिडायची, भाऊबंद खुळा म्हणायचे. एकदाच, जेवता जेवता, ते पोरीला म्हणाले होते, "जमीन जागची हालत नाई असं वाटते ना तुले? मलेबी तसंच वाटे." एवढंच. पुढे ते वारले, पण ते वाक्य रत्नमालाच्या अंगात राहून गेलं.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी ती अंगणवाडीत डाळ निवडत बसली होती. लेकरं गाणं म्हणत होती. अचानक जमिनीखालून आवाज आला. लांब कुठेतरी सुरुंग उडावा तसा, पण वरून नाही, पायाखालून. पाठोपाठ ताटातले डाळीचे दाणे थरथरले. डब्यांची झाकणं खुळखुळली. क्षणभराचाच खेळ. गाणं थांबलं आणि सगळी लेकरं तिच्या तोंडाकडे पाहू लागली. तिला उठायचं होतं, त्यांना घेऊन बाहेर धावायचं होतं. पण ती ताट मांडीवर तसंच धरून बसून राहिली, आणि एका लहानगीने तिच्या पदराला धरून काय झालं असं विचारलं तेव्हा कुठे तिच्या तोंडातून शब्द फुटला.

गावातले लोक म्हणाले, खदानीत स्फोट केला असेल. पण खदान पाण्याने भरून बंद पडली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. चार दिवसांनी तसाच आवाज पुन्हा आला. मग कधी दिवसाआड, कधी एका दिवसात दोनदा. गायी दावं ओढू लागल्या. बायका नळावर बोलताना मध्येच थबकायच्या आणि कान लावायच्या. शेजारच्या जिल्ह्यातही असे आवाज येतात, तिकडे मोठा धक्का बसला, अशा बातम्या येऊ लागल्या.

रत्नमालाने फोनात शोधायला सुरुवात केली. पहिलाच व्हिडिओ लागला तो असा, की तिची तहानभूक हरपली. लाल बाण, ढोल बडवल्यासारखं संगीत, कुठल्याशा परदेशातला उकळता लाव्हा, आणि एक माणूस घोगऱ्या आवाजात सांगतोय की वाशिम जिल्ह्याच्या पोटातला ज्वालामुखी जागा झालाय आणि अमुक तारखेला फुटणार. तो संपला तसा दुसरा आपोआप सुरू झाला, त्याहून भयंकर. मग तिसरा. फोनला जणू तिच्या भीतीची चव लागली होती. ती चुलीपुढे बसून पाहायची आणि तव्यावर भाकर करपायची. तिचा नवरा धम्मरत्न रेल्वेच्या रुळांवर गँगमध्ये काम करतो. तो म्हणाला, आमच्या पायाखालची जमीन रोजच हालते, म्हणून काय आमी रूळ सोडून पळतो का? तिला हसू आलं नाही. त्याने तिचा चेहरा पाहिला आणि पुन्हा तसली थट्टा केली नाही.

शेवटी तिने मुलीला फोन केला. धम्मदीपा अमरावतीला बी.एस्सी. करत होती आणि भूशास्त्र हा तिचा एक विषय होता. आईने व्हिडिओतलं सगळं भडाभडा सांगितलं. पोरीने मध्ये न तोडता ऐकून घेतलं.

"आई, थो माणूस खोटं बोलून राह्यला," ती म्हणाली. "आपल्या खाली लाव्हा नाई. होता, पण त्याचा कवाचाच दगड झाला. तू ज्याच्यावर उभी हायेस ना, थोच."

मग तिने आईला दोन-तीन लिंका पाठवल्या. एक सरकारी भूकंप केंद्राचं पान, जिथे देशभरातल्या धक्क्यांची यादी येते. एक नकाशा, ज्यात कुठल्या भागाखाली कोणता खडक आहे ते रंगांनी दाखवलं होतं. आणि एक संकेतस्थळ, काही निवृत्त भूशास्त्रज्ञांनी शिक्षकांसाठी चालवलेलं, ज्यावर मराठीतून छोटे छोटे धडे होते. फुकट. लाल बाण नव्हते, संगीत नव्हतं. पांढऱ्या केसांच्या एक बाई हातात दगड घेऊन हळू आवाजात बोलायच्या.

रत्नमाला दहावीपर्यंत शिकलेली. पहिले धडे तिला जड गेले. एकेक तिने दोनदा-तीनदा पाहिला. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरला, थिजला, पुन्हा पसरला, आणि परातीत भाकरींची चवड रचावी तसे काळ्या दगडाचे थर बसत गेले, हे तिला कळलं. विहीर खणताना मधूनच लाल मातीचा पट्टा का लागतो तेही कळलं. धक्का लहान आणि उथळ असला की त्याचा आधी आवाज येतो, हेही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं आणि तिथला दाब बदलतो, म्हणून काही ठिकाणी पावसाळ्यात असे आवाज वाढत असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं. "असावेत" आणि "वाटतं" हे शब्द त्या बाई फार जपून वापरायच्या.

ज्वालामुखीची भीती गेली. पण तिच्या जागी दुसरी आली, आणि ती जास्त वाईट होती. कारण एका धड्याच्या शेवटी बाई म्हणाल्या की भूकंप कधी येणार, केवढा येणार, हे जगात आज कुणीच आधी सांगू शकत नाही. खोटं बोलणाऱ्या माणसाने निदान तारीख तरी दिली होती. खरं बोलणारी बाई म्हणत होती, माहीत नाही. आता ती उठता-बसता सरकारी पान उघडायला लागली. कुठे हिमालयात, कुठे अंदमानात, कुठे शेजारच्या हिंगोलीत, जमीन रोज कुठे ना कुठे हलतच होती. यादीत आपल्याकडचं नाव नसलं तरी सुटल्यासारखं वाटायचं नाही. आता नाही, मग केव्हा, एवढंच वाटायचं.

अशातच किल्लारीवरचा धडा आला. त्यात एका पडक्या घराचं जुनं चित्र होतं. हातभर जाडीची दगड-मातीची भिंत, वर मातीचं जड धाबं. बाई सांगत होत्या, जमीन हलली तेवढ्याने इतकी माणसं गेली नसती; भिंतींनी आणि धाब्यांनी माणसं पुरली. रत्नमाला भांडी घासता घासता ऐकत होती. तिचे हात राखेतच थांबले. वडिलांनी बोटांची सालटी निघेपर्यंत काय उपसलं असेल, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती अंगणवाडीच्या दारात उभी राहिली आणि आत पाऊल टाकेना. ही खोली म्हणजे गावची जुनी चावडी. भिंती दगड-मातीच्या, वर धाबं. वर्षानुवर्षं ती इथे बसत आली होती. मागच्या भिंतीला गाभण म्हशीसारखं पोट सुटलं होतं आणि कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत फट गेली होती. तिने तिथे प्राण्यांच्या चित्रांचा तक्ता टांगला होता. हत्ती, वाघ, माकड. त्या तक्त्याखाली लेकरं पाठ टेकून बसायची.

तिने कुणाला विचारलं नाही. लेकरांना ओळीने हात धरायला लावून ती त्यांना बौद्ध वस्तीत विहारासमोरच्या मांडवात घेऊन गेली. लोखंडी पाइपांवर हलका पत्रा, चारी बाजूंनी मोकळा. पडला तरी कुणाला चिरडणार नाही असा.

दुसऱ्या दिवशी निम्मी लेकरं आली नाहीत. कुणी म्हणालं पावसाची झड लागते. कुणी म्हणालं चिखलातून कसं पाठवायचं. काहींनी कारणच सांगितलं नाही, आणि विहारासमोर आपलं लेकरू बसवायला कोण का बिचकतं ते रत्नमालाला कुणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी पर्यवेक्षिकेचा फोन आला. कुणाच्या परवानगीने जागा बदलली? भूकंपाच्या अफवा पसरवणाऱ्यांवर गुन्हे दाखल होतायत हे ठाऊक आहे ना? लेखी खुलासा द्यावा लागेल.

मग सरपंचाने बोलावलं. पंजाबराव साठीचे, मालेगावच्या बाजारात भाजी पाठवणारे बागायतदार, गावात वजन असलेले. पंचायतीत दहा-पंधरा माणसं बसली होती. त्यांच्यासमोर ते म्हणाले की आवाज येतात आणि जातात, आमच्या आज्याच्या काळातही येत होते, आणि एका बाईच्या फोनापायी गाव उठून पळालं तर जबाबदार कोण? रत्नमाला खाली मान घालून उभी राहिली. एरवी ती गप्प बसणारी नव्हे. पण त्या क्षणी तिला जमिनीची भीती वाटत होती, माणसांची वाटत होती, नोकरीची वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. आपलंही वडिलांसारखंच झालं तर? सगळं गाव शहाणं आणि आपण एकटीच खुळी असू तर?

त्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा थेट तास असायचा. लोक प्रश्न लिहायचे, बाई उत्तर द्यायच्या. रत्नमालाने कधी काही लिहिलं नव्हतं. या वेळी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं: दगड-मातीच्या खोलीत लेकरं बसवावीत का? सोबत भिंतीचा फोटो जोडला. बाईंनी तिचं नाव आणि गाव वाचलं तेव्हा तिने फोनचा आवाज वाढवला.

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, "ताई, तुमच्या गावात मोठा धक्का येईल की नाही, मला सांगता येत नाही. पण या भिंतीला पडायला भूकंपाची गरज नाही. एक जोराची झड पुरे. अभियंत्याला दाखवा, आणि तोवर मुलांना आत नेऊ नका."

हे सरपंचाला ऐकवायचं असं तिने ठरवलं. पंचायतीत पुन्हा तोंड उघडायची हिंमत नव्हती, म्हणून ती उजाडताच त्यांच्या घरी गेली. दाराला कुलूप. शेजाऱ्याने नजर चुकवत सांगितलं की मळ्यात आहेत. मळा मालेगावच्या रस्त्याला. ती पायीच निघाली. वांग्यांच्या वाफ्यांच्या पलीकडे, उघड्यावर, बांबूंवर ताडपत्री बांधली होती. खाली दोन बाजा. पंजाबरावांची बायको दुर्गाबाई तीन दगडांच्या चुलीवर चहा उकळत होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गोधड्यांच्या ढिगात त्यांची चार वर्षांची नात पिंकी झोपलेली. आणि बाजेवर, अंगाला घोंगडी लपेटून, पंजाबराव बसले होते. तिला पाहताच ते उठू लागले, पण लपायला तिथे जागाच नव्हती.

 दुर्गाबाईने तिसरा कप काढला आणि चहा ओतला.

"किती दिस झाले, काकू?" रत्नमालाने विचारलं.

"पयला आवाज आला तवापासून," दुर्गाबाई म्हणाली. "घरच्या भिती दगडाच्या हायेत ना व. ह्यांले आत डोयाच लागत नाई."

पंजाबराव जमिनीकडे पाहत बोलले. "मले भेव वाटून राह्यलं हे गावाले समजलं, तर गाव थांबन का? तूच सांग. कोनं तरी नाई भेलं असं दिसाले पायजे."

"भाऊ, मीबी भेली हाय," रत्नमाला म्हणाली. "पन आपली पिंकी चावडीच्या त्या भितीखाली बसत होती. तुमी तिले रातच्याले इथं आनत होते आन दिवसा तिथं धाडत होते."

हे बोलताना तिचा आवाज चढला नव्हता.  पण पंजाबरावांनी हातातला कप खाली ठेवला. तिने फोन पुढे केला आणि त्या बाईंचं उत्तर ऐकवलं. ताडपत्रीखाली, सकाळच्या गारव्यात, तिघंही वाकून त्या लहानशा आवाजाकडे कान लावून राहिले.

चहा संपल्यावर पंजाबराव तिच्याबरोबर चावडीवर आले. तक्ता त्यांनी स्वतः काढला आणि फटीत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा बोटांना ओली माती लागली होती. ते हात झटकत राहिले.

त्याच दिवशी दुर्गाबाई पिंकीला कडेवर घेऊन विहारासमोरच्या मांडवात आली. नुसती सोडून गेली नाही. मेथीच्या जुड्या घेऊन खांबाला टेकून बसली आणि दुपारपर्यंत निवडत राहिली. रस्त्याने जाणाऱ्या बायकांनी ते पाहिलं. आठवडाभरात बहुतेक लेकरं परतली. दोन-तीन घरं तेव्हाही आली नाहीत आणि पुढेही नाहीत.

रत्नमालाने धड्यात पाहिल्याप्रमाणे लेकरांना शिकवलं: आवाज आला की मांडवातून उघड्यावर पळायचं, खाली बसायचं, डोकं हातांनी झाकायचं. लेकरांनी त्याला कासव असं नाव दिलं. दिवसातून कितीदा तरी ती आपण होऊनच कासवं व्हायची.

मग एका दुपारी धक्का आला. आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा. आवाज असा की कुणीतरी जमिनीखालून भरलेली बैलगाडी दगडांवरून हाकत नेतंय. पत्रा खडखडला, पाण्याची घागर लवंडली. लेकरं पळाली आणि चिखलात खाली बसली, कुणी हसत, कुणी रडत. आणि रत्नमाला, जिने सगळे धडे पाहिले होते, खांबाजवळ उभीच राहिली. पाय हलेनात. दुर्गाबाईने तिला दंडाला धरून ओढलं आणि बाहेर बसवलं.  सगळं ठाऊक असून वेळेला अंगाने दगा दिला, याची तिला कुणाशी बोलता येईना एवढी लाज वाटली. पुढे बरेच दिवस ती एकटीच, कुणी नसताना, खांबापासून उघड्यापर्यंत पळण्याचा सराव करायची.

चावडीची भिंत त्या धक्क्याने पडली नाही. लोक म्हणाले, पाहा, उगीच घाबरवलं. पण पंजाबरावांनी तोवर तालुक्याला लिहिलं होतं. अभियंता आला, त्याने भिंत बाहेरून ठोकून पाहिली आणि खोली उतरवून घ्या म्हणाला. पावसाने उघाड दिल्यावर चार माणसं पहारी घेऊन आली. गाव बघायला जमलं. पहिल्या दोन-तीन घावांतच मागची भिंत आत बसली. बाहेरून घडीव दिसणाऱ्या दगडांच्या मधोमध नुसते नदीतले गोल गोटे आणि भुसभुशीत माती भरलेली होती. कशाला कशाचा आधार नव्हता.  एका बाईने आपल्या लेकराला जवळ ओढलं आणि ती गर्दीतून निघून गेली.

हिवाळा लागला तसे आवाज विरळ झाले, थांबले नाहीत. पर्यवेक्षिकेने तो खुलासा पुन्हा मागितला नाही. ग्रामसभेत पंजाबरावांनीच रत्नमालाला फोनातले धडे मोठ्या पडद्यावर लावायला सांगितले, आणि आपण मळ्यात झोपत होतो हेही सर्वांसमोर सांगून टाकलं. लोक शांतपणे बघत होते. शेवटी मागून एकाने विचारलं, मग मोठा येईल की नाही? रत्नमाला म्हणाली, कुणालाच माहीत नाही. हे उत्तर लोकांना रुचलं नाही. काही जण उठून गेले. उरलेल्यांनी तिला आपापल्या घरी भिंती पाहायला बोलावलं.

तिने सांगितलं की मला भिंतीतलं कळत नाही, अभियंत्याला बोलवा. तरी लोक बोलवत राहिले आणि ती जात राहिली. गावाच्या टोकाला चंपाबाई राहते, सत्तरीची, एकटी. मूलबाळ नाही. घर दगड-मातीचं, धाब्यावर गवत उगवलेलं. आत शिरताच रत्नमालाची नजर मागच्या भिंतीवर गेली. तसंच सुटलेलं पोट, तशीच कोपऱ्यातली फट. म्हातारीने दिवा उचलून भिंतीवर धरला. "चांगली हाय ना व माय, भित?" तिने विचारलं. "मले आता जायाले दुसरी जागा नाई."

रत्नमालाला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं.  मग तिने पदर खोचला, म्हातारीची बाज उचलून दारापाशी आणली, डोक्यावरच्या फळीवरचा पाटा, पितळी हंडा, लोखंडी पेटी सगळं खाली उतरवून ठेवलं, आणि घरकुलासाठी पंजाबभाऊंना उद्याच सांगते म्हणाली. भित चांगली नाही, हे तिने सगळ्यांत शेवटी सांगितलं, म्हातारीचा हात हातात धरून.